टर्नला एकदा

चि. मनूस,



तुझं पत्र मिळालं. डावातला वाद तू इतक्या तपशिलाने लिहिला आहेस की निकाल देताना तुझी किती घालमेल झाली असेल ते कळलं. आधी मुद्द्याचं सांगतो. तुझ्या मैत्रिणीचं बरोबर होतं. तिला तो दुसरा स्नीक अटॅक मिळायला हवा होता.

तुझी आईही ही पत्रं वाचते, म्हणून चार ओळी तिच्यासाठी. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो आणि डीएम उरलेलं सगळं जग चालवतो. शत्रू त्याचे, गावं त्याची आणि नियमांचा शेवटचा निकालही त्याचाच. या डावात डीएम मनू होती. लढाई लागली की वेळ सहा-सहा सेकंदांच्या राउंडमध्ये मोजतात आणि राउंडमध्ये प्रत्येकाला एक टर्न मिळतो. मनूच्या मैत्रिणीचं पात्र ‘रोग’ क्लासचं आहे, म्हणजे संधी साधून वार करणारं, चपळ. शत्रू बेसावध असला किंवा आपला साथीदार त्याच्या अंगाला भिडलेला असला, की तिचा वार नेहमीपेक्षा कितीतरी खोल जातो. हाच स्नीक अटॅक.

आता मनू, नियमांच्या पुस्तकाचं, म्हणजे हँडबुकचं, स्नीक अटॅकचं पान पुन्हा उघड. मर्यादा ‘टर्नला एकदा’ अशी आहे. ‘राउंडला एकदा’ असं तिथे नाही आणि ‘स्वतःच्या टर्नला’ असंही नाही. तिने आपल्या टर्नला स्नीक अटॅक वापरला. मग ऑर्कचा टर्न आला, तो तिच्या टप्प्यातून बाहेर पडायला निघाला, तिने रिअॅक्शन खर्चून अपॉर्च्युनिटी अटॅक केला आणि तो लागला. हा वार ऑर्क टप्प्याबाहेर पडण्याच्या आधीच्या क्षणी होतो, आणि त्या क्षणी तुमचा फायटर त्याच्या शेजारीच उभा होता. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. टर्न वेगळा, म्हणून स्नीक अटॅकही नवा.

तू लिहितेस की नियम संदिग्ध होता. तो संदिग्ध नव्हता, अनपेक्षित होता. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. वाचताना आपल्या मनात एक खेळ आधीच तयार असतो आणि शब्द त्याच्याशी जुळले नाहीत की आपण शब्दांना दोष देतो. पाचव्या लेव्हलला स्नीक अटॅकचे सहा बाजूंचे ३ फासे, सरासरी साडेदहा डॅमेज, तेही एका राउंडमध्ये दोनदा. ते तुला जास्त वाटलं. पण त्याच लेव्हलला फायटर दर टर्नला दोन वार करतो आणि रोगला एकच मिळतो. शिवाय रिअॅक्शन एकच असते आणि ती पुढच्या स्वतःच्या टर्नपर्यंत परत येत नाही. पाचव्या लेव्हलला रोगला अनकॅनी डॉज मिळतो, ज्याने अंगावर आलेल्या वाराचं डॅमेज अर्ध्यावर येतं. तोही त्याच रिअॅक्शनवर चालतो. म्हणजे तो दुसरा वार करताना तिने आपली ढाल खाली ठेवली होती. ही जोखीम तिने समजून घेतली होती. तू वार काढून घेतलास तेव्हा तो सगळा विचारच वाया गेला, आणि ती गप्प झाली ती मला वाटतं त्यामुळे.

‘टर्नला एकदा’ हे शब्द लेखकांनी सहज ठेवलेले नाहीत. २०२२ साली नव्या नियमांचा चाचणी मसुदा आला, त्यात त्यांनी स्नीक अटॅक फक्त स्वतःच्या टर्नपुरता करून पाहिला होता. २०२४ च्या पुस्तकात मात्र पुन्हा ‘टर्नला एकदा’ आलं.

खरी संदिग्धता कशी असते ते पॅलाडिन क्लासच्या डिव्हाइन स्माइटमध्ये, म्हणजे लागलेल्या वारात जादा डॅमेज मिळवण्याच्या नियमात, पाहा. २०१४ च्या पुस्तकात अट अशी, की जवळून केलेला शस्त्राचा वार लागला पाहिजे. बुक्कीसुद्धा नियमांच्या भाषेत त्याच प्रकारच्या वारात मोडते. पण पुढे त्याच वाक्यात डॅमेज शस्त्राच्या डॅमेजमध्ये मिळवायला सांगितलं आहे, आणि बुक्की हे तर शस्त्र नव्हे. वाक्याचा पहिला अर्धा भाग हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. नियमांवरच्या शंकांना अधिकृत उत्तरं देणाऱ्या ‘सेज अॅडव्हाइस’मध्ये उत्तर आलं की बुक्कीसाठी हा नियम योजलेला नाही, आणि लगेच हेही, की एखाद्या डीएमने चालू दिला तर खेळाचा तोल बिघडत नाही. २०२४ मध्ये तर बुक्कीचा उल्लेख करूनच परवानगी दिली. अशा ठिकाणी दोन्ही वाचनं प्रामाणिक असतात. तिथे माझं मत ठाम आहे: ज्या खेळाडूने एका वाचनावर भरवसा ठेवून आपलं पात्र उभं केलं, आपली चाल रचली, त्याच्या बाजूने त्या वेळी निकाल द्यावा. डाव संपल्यावर सगळ्यांनी बसून पुढचं ठरवावं आणि ठरलेलं शत्रूंनाही तसंच लागू करावं.

तिसराही प्रकार आहे, शब्द स्वच्छ आणि परिणाम विचित्र. २०१४ च्या नियमांत अदृश्य पात्रावर वार करणाऱ्याला दोन फासे टाकून कमी आलेला धरावा लागे, आणि मंत्राने ते पात्र लख्ख दिसत असलं तरीही शब्दशः तेच. असा नियम खुशाल बदल. मात्र खेळ सुरू होण्याआधी सांगून.

खेळाचे माजी मुख्य नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी निकालाचे तीन आधार सांगितले आहेत: जे लिहिलं आहे ते, जे अभिप्रेत होतं ते आणि ज्यात मजा आहे ते. यातल्या तिसऱ्याचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो. मजा कोणाची, हे विचारलंच जात नाही. डीएमला लढाई लांबवायची असते, म्हणून एका खेळाडूची हुशारी कापली जाते. निकाल देताना आणखी एक धर: विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो, हे हँडबुकमध्ये सुरुवातीलाच आहे. तुझ्या आईला संस्कृतमुळे उत्सर्ग आणि अपवाद पाठ आहेत; तिला विचार, ती माझ्यापेक्षा छान समजावेल.

तू विचारलंस, मग डीएमला अधिकार तरी कशाला? हा प्रश्न या खेळापेक्षा जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ यांचा युद्धखेळ सुरू झाला. त्यात दोन बाजूंच्या मध्ये एक पंच, जोडीला फासे आणि तक्ते. तक्ते इतके वाढले की अधिकारी कंटाळले, आणि १८७६ मध्ये वेर्डी दू वेर्नुआ यांनी सुचवलं की तक्ते सोडा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. पुढे अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी टॉटन यांच्या १८८० च्या ‘स्ट्रॅटेगोस’वरून पंचाची कल्पना उचलली आणि १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ खेळवला. त्या टेबलावर डेव्ह आर्नेसन होते. त्यांनी आणि गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला. तुझी खुर्ची अशी आली आहे. पंचाला मोकळीक मिळाली ती अशासाठी, की नियमांत न मावणारं काही खेळाडूने करायचं ठरवलं तर त्याला उत्तर देता यावं. तुझी मैत्रीण उद्या झुंबर तोडून ऑर्कवर पाडते म्हणाली, तर नेमकं उत्तर कुठल्याच पानावर मिळणार नाही. तिथे तुझा अधिकार पुरा वापर.

पुढच्या डावाआधी तिच्याशी बोल. ऑर्क मेलेलाच आहे, ती लढाई परत खेळू नका. स्नीक अटॅक पुस्तकात आहे तसाच चालेल एवढं सगळ्यांसमोर सांग. आणि तुझ्या गॉब्लिन टोळीत कोणाला तसा वार देणार असशील तर तोही टर्नला एकदाच दे, राउंडला नाही. खेळाडू कुरकुर करतील, करू देत.

लपण्याच्या नियमांबद्दल तू दोन पानं लिहिली आहेस. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात, कारण तिथे २०१४ आणि २०२४ ची पुस्तकं फार वेगळं बोलतात. तुमचं टेबल कुठलं पुस्तक धरून खेळतं, तेवढं मात्र कळव.

तुझा,
मामा