भुऱ्या रात्याचं बी

नेरूळ,
अक्षय्य तृतीया

चि. बाळास,


तुझा फोन आला त्या रात्री मला झोप लागली नाही. गेल्या पावसाळ्यात आवण लावून आठ दिवस झाले नाहीत तोच पिवळं पडून करपलं, आता यंदा खाचरं कोळंबीवाल्याला देऊन मोकळा होतो, असं म्हणालास. मी गप्प राहिले, कारण जे सांगायचं ते फोनवर मावणारं नव्हतं.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा नेरूळच्या शिवारात भात होतं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. आज ज्या रस्त्यानं मी भाजी आणायला जाते, तिथे मी गुडघाभर चिखलात आवणी केली आहे. त्या खाचरात मला पुन्हा पाय ठेवता येणार नाही. तुला तुझ्या खाचरात ठेवता येतो. म्हणून निर्णय घेण्याआधी माझं ऐक. कोळंबीसाठी एकदा खाडीचं पाणी आत घेतलंस की मीठ तुझ्या बांधापुरतं राहत नाही, ते शेजाऱ्याच्या खाचरातही झिरपतं.

गेल्या वर्षी दुकानातून भरपूर उताऱ्याचं म्हणून बी आणलंस. ते बी वाईट नसेलही, पण ते गोड्या जमिनीचं. पाऊस संपला की आपल्या खाडीकाठच्या खारातलं पाणी उन्हानं वर ओढलं जातं, त्याच्याबरोबर मीठ वर येतं आणि चैत्र-वैशाखात माती पांढरी दिसते. भाताचं बी उगवताना हे मीठ बऱ्यापैकी सोसतं, पण कोवळं रोप सोसत नाही आणि पुढे फुलोऱ्यात पुन्हा सोसत नाही. मातीतली क्षारता विद्युतवाहकतेवरून मोजतात. तो आकडा ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेला की साध्या भाताचा उतारा घटू लागतो आणि ४च्या वर गेला की जमिनीला क्षारयुक्त म्हणतात. तुझ्या खाचराचा आकडा किती? तुला माहीत नाही, तुझ्या बापालाही माहीत नव्हता. माझं सगळं सांगणं याच एका जागेपासून सुरू होतं.

पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. खारात टिकणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती तिथल्या. यातल्या पनवेल-१ची कुळी मला कळली तेव्हा मी हरखून गेले. तिचा एक पालक आयआर-८, म्हणजे १९६६ साली फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून आलेली, बुटकी आणि भरघोस उताऱ्याची जात. दुसरा पालक बीआर ४-१०, म्हणजे आपल्या खारातला भुरा राता, निवडून शुद्ध केलेला. तुझ्या पणजीच्या कणगीत असायचा तोच राता! लाल तांदूळ, उतारा बेताचा, पण खाऱ्या पाण्यात उभा राहणारा. म्हणून विज्ञान बाहेरून आलेलं आहे, आपलं नाही, असं तू म्हणतोस ते मला पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांनी जे बी निवडून राखलं, त्यालाच शास्त्रज्ञांनी पुढे नेलं.

संध्याकाळी खाडीकाठी फिरायला गेले की पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्साराचा वापर करून पिकांच्या नव्या जाती केल्या. टीएयू-१ हा उडीद आणि टीएजी-२४ हा भुईमूग विदर्भातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. त्यातला ‘टी’ ट्रॉम्बेचा आणि ‘ए’ अकोल्याचा, तिथल्या कृषी विद्यापीठाचा. प्रयोगशाळेतलं बी अकोल्याच्या मातीत पारखलं गेलं, तेव्हाच ते शेतकऱ्यापर्यंत गेलं. तुझ्या मातीतली पारख मात्र तुलाच करायला हवी. सगळ्या खाचरांत एकदम नवं बी टाकू नकोस. एका खाचरात पनवेलची जात, शेजारच्यात तुझी नेहमीची लाव. खत सारखं, लावणीचा दिवस सारखा. दोन्हींचा उतारा वेगळा मळून वजन कर आणि वहीत लिही. नजरेनं ठरवू नकोस, नजर आपल्याला हवं तेच बघते.

आता पावसाआधीची कामं. घरात पेंढा उरला असेल तर आजच खाचरात पसर, माती झाकलेली राहिली की मीठ कमी वर येतं. बांधातल्या उघडीची झडप बघून घे, उधाणाचं पाणी आत येता कामा नये. पहिल्या जोराच्या पावसाचं पाणी खाचरात अडव, चिखल ढवळ आणि ओहोटीला उघडीतून बाहेर सोड. असं दोन-तीनदा कर. गोडं पाणी हेच खाराचं औषध आहे, पैसे देऊन आणलेली पोती त्याची जागा घेत नाहीत. राब गोड्या जागी कर आणि आवण थोडं जून झाल्यावर लाव. बी पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात ओत. पोचट दाणे तरंगतील ते काढून टाक, तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकव.

पैशाची ओढ मला कळते. घरामागच्या तळ्यात जिताडा मासा सोड. आपल्या खारेपाटात तो पूर्वीपासून पाळतात, खाडीतून पिल्लं पकडून. चेन्नईच्या निमखारे जलजीवपालन संस्थेनं १९९७ साली बंदिस्त जागेत त्याची पैदास साधली, त्यामुळे आता पिल्लांसाठी खाडीवरच विसंबायला नको. तळं पावसाच्या पाण्यानं भरलं की जिताडाही जगेल आणि पावसानं ओढ दिली तर भातासाठी तेच गोडं पाणी कामाला येईल.

पण आधी माती. खाडीच्या बांधाजवळचं खाचर आणि वरच्या अंगाचं खाचर यांचे नमुने वेगळे घे, एकत्र मिसळलेस तर काहीच कळणार नाही. प्रत्येकात आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा करून कडेची माती खरवड, बांधालगतची आणि झाडाखालची सोड. त्या एका खाचरातली सगळी एकत्र करून अर्धा किलो ठेव. सोमवारी सकाळच्या एसटीनं पनवेलला ये, मी नेरूळहून लोकलनं येते, केंद्रात दोघं मिळून जाऊ. पिशवीत खाचराचं नाव आणि तारखेची चिठ्ठी टाक. पेन्सिलीनं लिही, शाई मातीच्या ओलीनं पुसते.

तुझी,
आत्या