एका बालकापुरती जागा



आपल्यात थोर कोण, असा वाद शिष्यांत चालला असता प्रभू येशूने एका बालकाला त्यांच्यामध्ये उभे केले आणि कवेत घेतले. अशा एका बालकाला प्रभूच्या नावाने आपलेसे करणे म्हणजे खुद्द प्रभूला घरात घेणे होय, ही शिकवण त्याने त्या वेळी दिली (मार्क ९:३३-३७).

हा भाग वाचताना मला स्वतःची लाज वाटते. काही वर्षांपूर्वी उन्हाळी शिबिरासाठी परप्रांतातून मुले आली होती. प्रत्येक कुटुंबाने एक मूल आठवडाभर ठेवून घ्यावे, अशी मंडळीने विनंती केली. “आमच्याकडे वेगळी खोली नाही,” असे सांगून मी सुटका करून घेतली. खोली खरोखरच नव्हती. पण नकाराचे कारण ते नव्हते. परक्या भाषेच्या मुलामुळे घराची घडी विस्कटेल, ही खरी भीती होती.

जपानमधील फुकुओका शहरात १९८९ साली आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील बालकांचे संमेलन सुरू झाले. जुलै महिन्यात देशोदेशींची अकरा वर्षांची मुले तेथे येऊन स्थानिक कुटुंबांत राहिली. त्या यजमानांजवळ तरी वेगळ्या खोल्या कोठून असणार? जुन्या धाटणीच्या जपानी घरात तातामी चटयांच्या ज्या खोलीत दिवसा बसावयाचे, तेथेच रात्री फुतोन नावाची गादी अंथरतात आणि सकाळी घडी करून कपाटात ठेवतात. आणखी एक गादी अंथरली की पाहुण्याची सोय झाली.

घडी मात्र विस्कटतेच. तेथे टबातील एकच गरम पाणी सारे कुटुंब एकामागून एक वापरते. म्हणून बाहेर अंग स्वच्छ धुऊन मगच टबात उतरावयाचे असते. पाहुण्याला पहिला मान. परदेशी मुलाला ही रीत कशी ठाऊक असणार? त्याने टबातच साबण लावला, तर पाणी पुन्हा भरावे लागते आणि न रागावता शिकवावे लागते. आतिथ्याची किंमत अशा लहान गोष्टींत द्यावी लागते.

त्या घरांतील एक रीत मला विशेष भावते. पाहुणा दारी आला की ‘इराश्शाइ’, म्हणजे ‘या’, म्हणतात. पण घरचे माणूस बाहेरून परतले, की ते दारात पादत्राणे काढताना ‘तादाइमा’, म्हणजे ‘आलो’, म्हणते, आणि आतून उत्तर येते, ‘ओकाएरी’, ‘आलास परत!’ पहिल्या दिवशी पाहुण्यासारखे आलेले मूल दुसऱ्या दिवशी हे घरचे शब्द ऐकते. आपण आता परके नसून देवाच्या घरचे आहोत, असे पौल इफिसकरांस लिहितो (इफिस २:१९). जे आपल्याला मिळाले, ते एका बालकाला देण्यास आपण का कचरावे?

बेथलेहेमच्या उतारशाळेत प्रभूसाठी जागा निघाली नाही, हे आपण दर नाताळात हळहळून ऐकतो. जागा नाही, हे त्या रात्रीचे उत्तरही माझ्या उत्तरासारखेच खरे असेल! पुढील उन्हाळ्यात मंडळीतून पुन्हा विचारणा होईल, तेव्हा खोल्या मोजू नका. एक अंथरूण काढा.

हे प्रभो, आम्ही मिटलेली दारे उघड, आणि तू बालक होऊन येशील तेव्हा आम्हांला घरी सापडू दे. आमेन.