लेखणी, मोबाइल आणि नियत



अहिल्यानगर शहरातून भिंगारकडे जाताना खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला लागतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना याच किल्ल्यात आणून ठेवण्यात आले होते. पंडित नेहरूंनी येथे १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या अवघ्या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे शाळेतील मुलेही सांगतात. त्यांच्यासोबत कैदेत असलेले तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांनी याच भिंतींच्या आड उर्दू गद्यातील एक अमोल ग्रंथ, ‘गुबार-ए-खातिर’, लिहिला. याची जाणीव मात्र आपल्या जिल्ह्यातसुद्धा फार थोड्यांना आहे.

हा ग्रंथ म्हणजे पत्रांचा संग्रह. पत्रे लिहिली आहेत मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्यांना. पण कैदेतून ती त्यांना पाठवता येत नव्हती. मौलाना लिहीत आणि कागद बाजूला ठेवून देत. पहाटेच्या अंधारात स्वतः चहा करून घ्यावा आणि लिहायला बसावे, असा त्यांचा क्रम होता. त्या चहाविषयी, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांविषयी, आवारात लावलेल्या फुलझाडांविषयी आणि परमेश्वराच्या अस्तित्वाविषयी त्यांनी सारख्याच तन्मयतेने लिहिले. सुटकेनंतर, १९४६ साली, ती पत्रे छापली गेली. तोवर वाचक नव्हता, उत्तर नव्हते, ‘वाहवा’ म्हणणारे कोणी नव्हते.

ज्याने हे लिहिले तो माणूस लोकांपासून पळणारा नव्हता, हेही ध्यानात घ्या. १९१२ साली कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ काढून त्यांनी देशभरचा वाचक हलवला होता. गर्दीची ताकद आणि गर्दीची चटक, दोन्ही त्यांना पुरती ठाऊक होती.

ही आठवण आज काढण्याचे कारण आहे. आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी आज लिहितात, नात रचतात, अरबी सुलेखन करतात, मेहंदीचे नवे नमुने काढतात, मुलांसाठी गोष्टी ध्वनिमुद्रित करतात. आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची एकच तक्रार असते : मोबाइल हाती घेतला की काम होत नाही, आणि मोबाइल ठेवून दिला तर काम कोणापर्यंत पोहोचत नाही. मग समतोल साधावा कसा?

सोपे उत्तर असे की, दिवसाला अमुक तास ठरवून घ्या. हे उत्तर चुकीचे नाही. आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन नेमतींच्या बाबतीत बहुतेक लोक घाट्यात राहतात, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे, आणि मोबाइलने तो घाटा किती वाढवला हे प्रत्येकाने आपल्या रात्रीच्या जागरणावरून ताडून पाहावे. परंतु तास मोजून प्रश्न संपत नाही. दिवसात अर्धाच तास मोबाइल वापरणारा माणूससुद्धा उरलेला संपूर्ण दिवस त्या अर्ध्या तासासाठी जगत असू शकतो.

मग मोबाइल फेकून द्यावा काय? तेही आपल्या दीनच्या शिकवणीत बसत नाही. रोज रोजा आणि रात्रभर इबादत करणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) समजावले होते की, तुझ्या शरीराचा, तुझ्या डोळ्यांचा, तुझ्या पत्नीचा आणि तुझ्याकडे येणाऱ्या पाहुण्याचाही तुझ्यावर हक्क आहे. गावी राहणाऱ्या आईचा फोन येतो तेव्हा तो उचलणे हा तिचा हक्कच आहे. शिवाय उंबऱ्याबाहेर फारसे पाऊल न टाकणाऱ्या एखाद्या बहिणीची कविता आज मोबाइलमुळेच चार गावे वाचतात. पूर्वी ती वहीतच पिवळी पडली असती. अल्लाहने दिलेल्या साधनाचा तिरस्कार करणे म्हणजे तकवा नव्हे. आणि कैदखान्याने ग्रंथ लिहवून घेतला म्हणून कैद ही काही हवीशी गोष्ट ठरत नाही.

तर मग धोका नेमका कुठे आहे? स्वतःच्या चुकीवरूनच सांगतो.

मी एका मशिदीत इमामत करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तरुणांनी जुम्याच्या बयानातील तीन-चार मिनिटांचा भाग मोबाइलवर प्रसारित करायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. मराठीतून दीनची गोष्ट ऐकू इच्छिणारे पुष्कळ आहेत. पण हळूहळू गुरुवारी रात्री बयानाची तयारी करताना माझ्या खोलीत एक अदृश्य श्रोता येऊन बसू लागला. कोणते वाक्य तोडून घेतले तर शोभेल, कोणता प्रसंग लोक पुढे पाठवतील, याचा हिशेब विषय ठरण्याच्या आधीच सुरू होऊ लागला.

एका जुम्याला मी वारसाहक्कावर बोलेन असे आधीच्या आठवड्यात जाहीर केले होते. मुलींचा वाटा सूरह निसामध्ये अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे. तरीही वाटणीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत आपल्या घरांतही शिरली आहे. परंतु याच विषयावरील पूर्वीची चित्रफीत फारशी कोणी पाहिली नव्हती, आणि चौघांनी तिच्याखाली रागाने लिहिले होते. गुरुवारी रात्री मी विषय बदलला. आईच्या महतीवर बोललो. बयान चांगले झाले, पाहणाऱ्यांची संख्या वाढली, आणि शुक्रवारी रात्री मी ती संख्या किती वेळा पाहिली हे अल्लाह जाणतो.

रविवारी असरनंतर एक वयस्क नमाजी थांबले. म्हणाले, “मौलाना, तुम्ही वाटणीचं सांगणार होता ना? आमच्या वडिलांच्या जागेचे कागद व्हायचेत. पोरं म्हणतात, आत्यांकडून हक्कसोड घ्या. त्यांनी तुमच्या तोंडून ऐकावं म्हणून त्यांना मुद्दाम घेऊन आलो होतो.”

मला उत्तर देता आले नाही. पुढच्या जुम्याला मी तो विषय घेतला. तोवर त्यांच्या घरचे कागद झाले होते.

वाचकहो, त्या आठवड्यात मी मोबाइल फार वेळ वापरला होता असे नाही. वेळेची मर्यादा मी पाळली होती. ढळली होती ती नियत. ज्यांच्यासाठी बोलायचे ते समोर चटईवर बसले होते, आणि मी बोललो दुसऱ्यांसाठी. हदीसमध्ये कयामतच्या दिवशी सर्वांत आधी ज्यांचा निवाडा होईल अशा तिघांचा उल्लेख आहे. त्यांत एक इल्म शिकणारा, शिकवणारा आणि कुरआन पठण करणारा आहे. त्याने लोकांनी आपल्याला विद्वान म्हणावे यासाठी ते केले, लोकांनी तसे म्हटलेही, आणि त्याचा मोबदला तेथेच संपला. ही हदीस मी मदरशात पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या रविवारी कळला.

हा आजार मोबाइलने जन्माला घातला, असेही समजू नये. इमाम गझाली (रह.) बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख उस्ताद होते. शेकडो विद्यार्थी, दरबारी मान, चोहीकडे नाव. ४८८ हिजरीत, म्हणजे इ.स. १०९५ मध्ये, त्यांनी आपल्या अध्यापनामागील नियत तपासली आणि तिथे त्यांना नावलौकिकाची ओढ सापडली. काही महिने ते या मानसिक ओढाताणीत राहिले. अखेर जीभ अशी अडखळू लागली की शिकवणेच अशक्य झाले. मग सर्व सोडून ते निघाले. दमास्कसच्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसच्या दिवस एकांतात राहत. पण गोष्ट इथे संपत नाही. सुमारे अकरा वर्षांनी ते नैशापूरला पुन्हा शिकवू लागले. बाहेरून पाहणाऱ्याला हे परतणे वाटले असेल. स्वतः गझाली सांगतात की, पूर्वी मी प्रतिष्ठा मिळवून देणारे ज्ञान शिकवीत होतो, आता प्रतिष्ठेचा मोह सोडायला लावणारे शिकवतो. काम तेच होते. मोबदला मागण्याचे दार बदलले होते.

आता पुन्हा आपल्या किल्ल्याकडे वळू या, कारण ‘गुबार-ए-खातिर’मध्ये आपल्या प्रश्नाशी थेट भिडणारी एक कबुली आहे. १९४३ च्या एप्रिलमध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात मरणासन्न होत्या. सरकारला काही कळवायचे असेल तर पोहोचवतो, असे तुरुंगाच्या अधीक्षकांनी सुचवले. मौलानांनी काहीही मागण्यास नकार दिला. ९ एप्रिलला झुलेखा बेगम अल्लाहला प्रिय झाल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात मौलाना त्या दिवसांची हकीकत सांगतात. रोज वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या जेलरची पावले वाजली की आज कोणती बातमी असेल या भीतीने त्यांचे काळीज धडधडू लागे. तो समोर येऊन उभा राही. मौलाना हसून खुणेनेच सांगत, टेबलावर ठेवा. आणि पुन्हा लिहू लागत, जणू बातमीची काही घाईच नाही. मग ते कबूल करतात की, तो शांतपणा दिखाव्याचा होता. आपल्या धैर्याला अधीरतेचा डाग लागू नये म्हणून त्यांचा अहंकार ते सोंग वठवीत होता.

त्या टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या जागी आपला मोबाइल ठेवून पाहा. हात न लावणे हा संयम आहेच, आणि तो साधाही नाही. परंतु तो संयम कोणासाठी, हा प्रश्न त्याच्याही मागे उभा राहतो. “मी महिनाभर सोशल मीडिया सोडला आहे,” असे सोशल मीडियावरच जाहीर करणारे आपण पाहतो. तिथे त्यागसुद्धा प्रदर्शनाची वस्तू बनतो. मौलानांची थोरवी अशी की, पत्नीवियोगाच्या त्या क्षणीही त्यांनी आपल्या नफ्सची झडती घेतली आणि सापडले ते लपवले नाही.

म्हणून सृजनशील काम करणाऱ्यांसाठी मला एक मर्यादा घड्याळाच्या मर्यादेपेक्षाही महत्त्वाची वाटते : घडवणे आणि दाखवणे या दोन गोष्टींमध्ये अंतर राखणे. जे लिहिले ते त्याच घटकेला पाठवू नये. निदान एक रात्र जाऊ द्यावी. फजरनंतर पुन्हा वाचावे आणि स्वतःला विचारावे : हे कोणीही पाहणार नसते, तरी मी हे असेच लिहिले असते काय? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल पाठवावे, आणि पाठवल्यावर संख्या मोजत बसू नये. उत्तर ‘नाही’ असेल तर कागद फाडण्याची गरज नाही. नियत दुरुस्त करून पुन्हा लिहावे. कामाची खोली आणि मोबाइलची जागा वेगळी असावी. घरच्यांसाठी फोनची घंटा सुरू ठेवावी, बाकी सूचना बंद कराव्यात. मी आता बयानाचा विषय मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून ठरवतो, आणि चित्रफितीचे आकडे मला सांगू नका असे तरुणांना बजावले आहे. मोह संपला असे म्हणण्याचे धाडस मात्र करणार नाही.

समतोलाचा नमुना आपल्याला दर आठवड्याला दिला जातो. सूरह जुमुआमध्ये आज्ञा आहे की, अजान होताच व्यापार सोडून अल्लाहच्या स्मरणाकडे धाव घ्या; आणि नमाज संपल्यावर भूमीवर पसरा व त्याचा कृपाप्रसाद शोधा. सोडणेही आहे, परतणेही आहे, आणि दोन्हींच्या वेळा आपल्या लहरीवर सोडलेल्या नाहीत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून ग्रामस्थांनी ठरवून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली, ती मुलांनी अभ्यास करावा आणि माणसांनी एकमेकांशी बोलावे म्हणून. एकट्याला जड जाणारी गोष्ट सगळ्यांनी मिळून केली की हलकी होते. आपल्याला तर दिवसातून पाच वेळा अशी हाक येते. त्या हाकेनंतरचा थोडा वेळ जरी मोबाइलविना आपल्या कामाला दिला, तरी पुष्कळ काही घडू शकेल.

किल्ल्यात लिहिलेली ती पत्रे ज्यांना लिहिली त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचली नाहीत. तरीही त्यांतील एकही ओळ वाया गेली नाही. पोहोचवणे हे आपल्या हाती नाही. जे सांगायला हवे ते समोरच्या माणसाला, वेळेत आणि खऱ्या नियतने सांगणे आपल्या हाती आहे. ते सांगायचे राहून गेले की काय होते, हे त्या वयस्क नमाजींच्या बहिणींनी भोगले आहे.

अल्लाह आपल्या लेखणीला, जिभेला आणि बोटांना दिखाव्यापासून वाचवो, आणि आपले काम केवळ त्याच्या प्रसन्नतेसाठी करण्याची तौफीक देवो. आमीन.