मुदत उलटलेली आग

उरणला आमच्या गच्चीवरून वायू प्रकल्पाची ज्वाळ दिसायची. मुंबई हायचं तेल आणि वायू तिथे येऊ लागले तेव्हा मी शाळेत होतो. पावसाळ्यात ढगांच्या पोटाखाली तांबूस उजेड पसरायचा, आणि एवढ्या जाळावर किती चुली पेटल्या असत्या याचा हिशेब आजी मांडत बसायची. पुढे त्याच वायूवर उरणला वीज आणि थळला खत तयार होऊ लागलं. मीही याच धंद्यात शिरलो आणि आजीचा हिशेब दोन परक्या देशांत पाहिला.

तेल उपसलं की त्याच्याबरोबर वायूही वर येतो. तो गिऱ्हाइकापर्यंत नेणारी पाइपलाइन नसेल तर दाब देऊन पुन्हा जमिनीत सोडायचा, नाहीतर जाळून टाकायचा. अचानक दाब वाढला तर सुरक्षेसाठी थोडा वायू जाळावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षानुवर्षं रात्रंदिवस जाळणं हा निव्वळ पैशाचा निर्णय असतो, आणि तो स्वस्त पडेल की महाग हे त्या देशाचा कायदा ठरवतो.

नॉर्वेत स्टावांगरला मी काम केलं. नॉर्वेच्या समुद्रात १९६९मध्ये एकोफिस्क क्षेत्रात तेल सापडलं. १९७१मध्ये उत्पादन सुरू झालं आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने तेलधोरणाची दहा तत्त्वं मान्य केली. त्यांतलं एक असं, की चाचणीचा थोडा काळ सोडला तर उपयोगी वायू जाळू द्यायचा नाही. ते लगेच साधलं नाही. एकोफिस्कचा वायू पाइपलाइनमधून जर्मनीत एम्डेनला पोहोचायला १९७७ उजाडलं. तरी मला या तारखांचा क्रम फार मोलाचा वाटतो. धंदा रांगत होता तेव्हाच नियम लिहिला गेला. त्या नियमाला घाबरून कुणी तेल सोडून गेलं नाही.

१९९१मध्ये कार्बन कर आला, आणि समुद्रात जाळलेल्या वायूवरही तो लागू झाला. त्यामुळे ज्वाळेकडे जाणाऱ्या नळीवरचं मीटर आमच्या जिवाभावाचं झालं. बिघाडापायी वीस मिनिटं जास्त वायू जळला तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत आधी त्याचंच कारण द्यावं लागे. स्लाइप्नर क्षेत्राच्या वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. विक्रीसाठी तो वेगळा काढावाच लागणार होता, आणि हवेत सोडला तर कर भरावा लागणार होता. म्हणून १९९६पासून तो समुद्रतळाखाली जवळजवळ हजार मीटरवरच्या वालुकाश्मात पुरला जाऊ लागला, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. कर नसता तर हा खटाटोप झाला असता असं मला वाटत नाही. नॉर्वेने विकलेलं तेल दुसऱ्यांच्या इंजिनांत जळतं, त्याचा धूर नॉर्वेच्या खात्यावर पडत नाही, ही टोचणी मात्र मला तिथेही होती.

नंतर नायजेरियात, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात गेलो. तिथे ओलोइबिरीला तेल लागलं १९५६मध्ये, आणि वायू जाळण्यावर कायदा आला १९७९मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत विहिरी, नळ्या, केंद्रं सगळं वायू जाळायचाच असं गृहीत धरून उभं राहिलं होतं. कायद्याने १ जानेवारी १९८४ ही मुदत घातली, पण मंत्र्याच्या लेखी परवानगीची फटही ठेवली. मुदत उलटल्यावर १९८५मध्ये दंड ठरला, हजार घनफुटांना २ कोबो. कोबो म्हणजे तिथला पैसा, नायराचा शंभरावा भाग. वायू परत जमिनीत ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरची किंमत मला माहीत होती. तिच्यापुढे हा दंड म्हणजे जाळण्याचं भाडंच होतं. १९९८मध्ये तो १० नायरा झाला. मोठ्या उत्पादकांना हजार घनफुटांमागे २ डॉलर मोजायला लावणारा नियम यायला २०१८ उजाडलं. त्याआधी, नोव्हेंबर २००५मध्ये, बेनिन सिटीच्या न्यायालयाने इवेरेकान गावच्या अर्जावर निकाल दिला होता, की असं वायू जाळणं माणसाच्या जगण्याच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्कावर घाला आहे. निकालानंतरही ज्वाळा जळतच होत्या.

मी पाहिलेली ज्वाळ उंच चिमणीवर नव्हती. जमिनीलगतच्या खड्ड्यात आडवी भडकत होती. तिच्या धगीत बायका कसावाचा किसून पिळलेला चोथा वाळत घालत होत्या, तोंडावर ओलं फडकं बांधून. लाकूडफाट्याचा खर्च वाचतो, असं त्यांतल्या एकीने सांगितलं. ही विझली तर काय कराल, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. तो प्रश्न तिच्यासाठी नव्हताच.

रात्री त्या गावातच राहिलो. गावात विजेची तार पोहोचली नव्हती. यजमानांनी माझ्यासाठी विकतचं पेट्रोल घालून जनरेटर लावला, एका दिव्यापुरता. दहा वाजता तो बंद केला. तरी खिडकीतून तांबूस उजेड येत होता, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख नीट वाचता येत होती.