रंग आधी कुठे होता?

नातीने उचललेलं सयामी पिल्लू पांढरंशुभ्र होतं. ब्रीडरबाई मात्र ठामपणे म्हणाल्या, ‘‘काका, हे सील पॉइंट होणार. कान, शेपूट गडद तपकिरी.’’ आयुष्यभर दर्शनं शिकवलेल्या माणसाला अशा वेळी पिल्लू कमी आणि सांख्य-नैयायिकांचं भांडणच जास्त दिसतं.

सांख्य म्हणणार, रंग होताच, आता प्रकट होईल. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या नवव्या कारिकेत यासाठी पाच कारणं दिली आहेत. नैयायिक म्हणणार, छे! उत्पत्तीपूर्वी कार्य नसतंच.

सयामीची गंमत अशी, की रंगद्रव्य घडवणारं तिचं टायरोसिनेज हे विकर उबेत नीट चालत नाही. आईच्या पोटात सगळीकडे सारखी ऊब, म्हणून पिल्लू पांढरं. जन्मानंतर कान, नाक, पंजे, शेपूट तुलनेने गार राहतात आणि तिथेच रंग धरतो. पाठीवरचे केस भादरून मांजर थंडीत ठेवलं, तर तिथेही गडद केस उगवतात.

माझा कल नैयायिकांकडे. रंग ‘होताच’, तर गारव्याने केलं काय? पण सांख्य गप्प बसत नाही: मग त्याच गारव्यात कुठल्याही पांढऱ्या मांजराचे कान काळे का होत नाहीत? वाटेल त्यातून वाटेल ते निपजत नाही, हे तर त्याचं जुनंच कारण. गारव्याला निमित्तकारण म्हणून मी वेळ मारून नेली.

‘‘म्हणजे मुंबईच्या उकाड्यात हे फिकट राहील?’’ नातीने विचारलं.

थंड गावातल्या सयामीपेक्षा, बहुधा हो.