कोठार कोणासाठी

उद्याची चिंता वाहू नका, असे प्रभू येशूंनी डोंगरावरील प्रवचनात सांगितले, आणि दिव्यांबरोबर तेल न घेतलेल्या पाच कुमारींना लग्नघराचे दार बंद झाले, हा दृष्टांतही त्यांनीच दिला. या दोहोंत विरोध आहे असे समजून कित्येक भाविक आपल्या आळसाला श्रद्धेचे नाव देतात, तर कित्येक कर्तबगार माणसे आपल्या लोभाला दूरदृष्टीचे. मला वाटते, ही गाठ बायबलातील दोन कोठारांपाशी सुटते. लूकच्या शुभवर्तमानातील धनवानाने जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला आणि त्याच रात्री तो मूर्ख ठरला. मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा नगरोनगरी साठविला आणि तो शहाणा ठरला. बेगमी दोघांचीही होती. परंतु एकाच्या मनात स्वतःच्या चैनीपलीकडे कोणीही नव्हते, आणि दुसऱ्याच्या तजविजीवर, ज्यांनी त्याला विकले होते, त्या भावांचीही पोटे भरली.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हा धडा गिरविला. त्यांच्या शारदासदन या संस्थेस अमेरिकेतील मंडळीने दिलेले साहाय्य दहा वर्षांच्या मुदतीचे होते; ती मुदत संपत आली तेव्हा संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी केडगावास जमीन घेऊन फळबाग लावली. इतक्यात १८९६ चा दुष्काळ आला. आईबाप व बहीण यांचे मरण तरुणपणी दुष्काळातच पाहिलेल्या रमाबाई मध्यप्रांतात गेल्या, तेथून त्यांनी शेकडो मुली आणल्या, आणि त्यांना आसरा मिळाला तो याच जमिनीवर. बाग लावताना या मुली कोणाच्याही हिशेबात नव्हत्या. श्रद्धावंताची तयारी मला येथे दिसते: तरतूद आपण करावी, विनियोग परमेश्वरावर सोडावा.

धान्य वाटता येते. तेल मात्र वाटता येत नाही. त्या दृष्टांतातील शहाण्या कुमारींनी आपले तेल दिले नाही, हे पुष्कळांना निष्ठुरपणाचे वाटते, पण विद्या, शील, प्रार्थनेची सवय या गोष्टी आयत्या वेळी शेजाऱ्याकडून उसन्या कशा मिळणार? रमाबाईंना संस्कृत आईने शिकविले होते. तेवढ्यावर थांबणे त्यांना सहज शक्य होते. परंतु साध्याभोळ्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणावयाचे, या ध्यासाने त्या प्रौढ वयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संस्थेच्या व्यापातून वेळ काढून वर्षानुवर्षे भाषांतर करीत राहिल्या. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या व संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो छापला गेला केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदन या संस्थेच्याच छापखान्यात. खिळे जुळविण्याचे काम रमाबाईंनी तेथील मुलींना आधीच शिकवून ठेवले होते.