ओट्याचा दगड

नव्या घराच्या ओट्याला शहाबादी, कडप्पा की ग्रॅनाइट? चांगला दगड घेण्यात पाप नाही. भगवंतांनी गृहस्थाला दारिद्र्याची दीक्षा दिली नाही. परंतु अंगुत्तर निकायात गृहस्थाची जी चार सुखे सांगितली आहेत, त्यांत ऋण नसण्याचे सुख एक आहे. आपल्या बीड जिल्ह्यात मुकादमाची उचल घेऊन ग्रॅनाइट बसवला, तर ओटा घरी चकाकतो आणि घरधनीण उसाच्या फडावर जाते. तिच्याबरोबर लेकराची शाळाही सुटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या प्रतिज्ञांनी शेंदराच्या दगडापुढे वाकणे थांबवले. मग प्रतिष्ठेच्या दगडापुढे का वाकावे? परवडेल तो दगड घ्या. लेकराची शाळा राखा. जय भीम!